तिसऱ्यांदा कोण विचारणार?

ऑरविल लिंडक्विस्टचा जुना, झाकणाचा फोन चालेनासा झाला, आणि उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात ऐन डिसेंबरात त्याला नवा फोन घेणं भाग पडलं. वसंतात बायको, मार्लिस, गेली होती. तेव्हापासून दक्षिणेतल्या उबदार टूसॉनला राहणाऱ्या लेकीचा, कर्स्टनचा, रविवारचा फोन एवढंच काय ते त्याचं बोलणं. म्हणून त्याने पक्कं ठरवलं होतं: अक्षरं मोठी हवीत, थंडीत बॅटरी टिकायला हवी आणि किंमत दोनशे डॉलरच्या आत.

आता या गावात पहिल्याच आग्रहाला 'हो' म्हणणारा माणूस हावरट समजला जातो. साधी कॉफी असली तरी दोनदा 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'एवढं म्हणताय तर' म्हणून कप पुढे करायचा. मार्लिसने लग्नाची मागणीसुद्धा त्याच्याकडून तीनदा घालून घेतली होती, म्हणजे बघा.

पण दुकानातली येसेनिया ह्यूस्टनची, गावात येऊन तिला जेमतेम महिना झालेला. पोरगी गुणी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेमका हवा तसा फोन पुढे ठेवला, एकशे ऐंशी डॉलरचा. ऑरविल मनातून हरखला.

"छे, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला एवढा भारी कशाला?" तो म्हणाला.

"बरं काका," म्हणत तिने तो चक्क कपाटात परत ठेवला. ऑरविल बघतच राहिला. दुसरा दाखवला, त्यालाही तो सवयीने नको म्हणाला, तोही आत गेला. शेवटी तिने विचारायचंच सोडलं आणि साठ डॉलरचा एक फोन बांधून दिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात ऑरविल घरी आला.

रविवारी तो गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून, गळ टाकून बसला असताना कर्स्टनचा फोन आला.

"बाबा, हा हिवाळा आमच्याकडे काढा ना. एकटे काय करता तिथे?"

किती दिवस या एका वाक्याची ऑरविल वाट बघत होता. "नको गं, तुम्हाला उगाच त्रास," तो म्हणाला.

"त्रास कसला? खोली रिकामीच आहे."

"इथे बर्फ कोण उपसणार?"

"बरं, मग शेवटचं विचारते..." आणि गारठ्याने बॅटरीने मान टाकली.

घरी येऊन त्याने फोन चार्ज केला आणि समोर ठेवून बसला. आपण होऊन कसं म्हणायचं, मी येतो? लाज म्हणून काही आहे की नाही? तीन दिवस फोन वाजला नाही. मार्लिस असती तर तिने मागून ओरडून सांगितलं असतं, 'अगं, त्यांना यायचंय!' त्याला तिची फार आठवण आली.

चौथ्या दिवशी तो दुकानात गेला. फोनला काय झालं, असं येसेनियाने विचारलं.

"तसा वाईट नाही," ऑरविल म्हणाला. मग डोळे मिटून, थंड पाण्यात उडी घ्यावी तसं म्हणाला, "मला तो पहिला हवा होता."

वरचे पैसे घेऊन तिने तो बदलून दिला. त्याने तिथूनच लेकीला फोन लावला. "त्या दिवशी तू शेवटचं काय विचारत होतीस?"

"अहो, तुम्ही येत नसाल तर ती खोली मी सासूबाईंना देऊ का, म्हणून."

"नको," ऑरविल म्हणाला. उभ्या जन्मात एवढं खरं 'नको' त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. "मी येतोय."

पलीकडून कर्स्टनने हळूच विचारलं, "बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

बरी आहे म्हणत त्याने डोळे पुसले आणि फोन ठेवला. येसेनियाने विचारलं, "याला कव्हर देऊ, काका?"

"नको नको," ऑरविल म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

येसेनियाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिने आणखी दोनदा विचारलं.