उजेडाची तार आणि भागाबाई खार

एका जंगलात उजेडाची तार आली, बालमित्रांनो. काचेची, केसाएवढी बारीक, आणि तिच्यातून म्हणे शब्द डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचायचे. वडाखाली मुख्य डबा बसवला, तो सुतारपक्ष्याचा. टेकडीपलीकडच्या घरांतले डबेही त्याचेच. अलीकडच्या घरांतले मात्र सुगरणीने केले. दोघांचं नियमपुस्तक एकच होतं, तेव्हा काळजीचं कारणच नव्हतं.

भागाबाई खारीला मात्र काळजी होती. तिची लेक शेवंता टेकडीपलीकडे, त्यात पहिलटकरीण. "आई, सुटका झाली की तारेवरून लगेच कळवते," असं ती म्हणाली होती.

भागाबाई घरातल्या सुगरणीच्या डब्यासमोर बसून राहिली. डब्यावर छान हिरवा दिवा होता. आवाज काही येईना.

"माझा डबा नियमाला धरून आहे," सुगरण म्हणाली. "सुताराचाच मुका."

"माझाही नियमाला धरूनच आहे," सुतार म्हणाला. "हिचाच बहिरा."

प्रकरण नियमपुस्तक लिहिणाऱ्या समितीकडे गेलं. अध्यक्ष गवासाहेबांनी पुस्तक उघडलं. त्यात जागोजागी लिहिलं होतं, 'इथे ज्याने त्याने आपल्या सोयीने करावे.' समितीला भांडणं आवडत नसत ना, म्हणून. मग परीक्षा झाली. सुताराचा डबा सुताराच्या डब्याशी बोलला, सुगरणीचा सुगरणीच्या. दोघंही पहिल्या वर्गात पास झाले आणि पेढे वाटले गेले.

"अहो, पण माझी लेक!"

"बाई, लेक नियमात बसत नाही," गवासाहेब मायेने म्हणाले.

भागाबाई उठली आणि तरातरा वडाखाली पळाली. तिने मुख्य डब्याला कान लावला. आतून शेवंता कधीची ओरडत होती, "आई, दोन झाली गं! एक तर तुझ्यासारखंच किरकिरं!"

भागाबाईला रडूच कोसळलं. तशीच ती घरी धावली आणि आपल्या डब्यावर खेकसली, "दोन झाली! ऐकलंस का, मेल्या?"

मागोमाग आलेल्या समितीने टाळ्या पिटल्या. सुताराच्या डब्यातला निरोप सुगरणीच्या डब्यापर्यंत पोचला होता! गवासाहेबांनी तिथल्या तिथे भागाबाईच्या पाठीवर मान्यतेचा शिक्का मारला.

तेव्हापासून साऱ्या जंगलाचे निरोप तीच वाहते. नातवंडं बघून येते म्हणाली, तर गवासाहेबांना नवल वाटलं.

"मान्यताप्राप्त उपकरणाला रजा कशी देणार?"

तात्पर्य : दोन डबे एकमेकांशी बोलत नसतील, तर बाळांनो, डब्यांना नावं ठेवू नयेत. मध्ये एक आई बसवावी. ती सगळ्या डब्यांना चालते.