अर्थ काय त्याचो?

आमच्या शेजारच्या परबकाकूंनी एकदा दुधवाल्या भय्याला दारात उभं करून सांगितलं, "तुझ्या दुधात पाणी सुपरफ्लुअस आसा." भय्याला वाटलं, तारीफ चाललीय. तो खूश होऊन "थँक यू माताजी" म्हणाला. काकूंनी शांतपणे दूध पातेल्यात ओतून घेतलं आणि अर्थ सांगितला, "गरजेपेक्षा जास्त." दुसऱ्या दिवसापासून दूध सुधारलं.

दिंडोशीला आमच्या मजल्यावर समोरासमोर आमची दारं. काकू मूळच्या मालवणच्या, शिक्षण सातवी, वय सत्तरीच्या आतबाहेर. रोज सकाळी चहा झाला की त्या जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेतात, एक अवघड इंग्रजी शब्द निवडतात आणि वहीत लिहितात. नुसतं पाठ करणं त्यांना मान्य नाही. शब्द दिवसभरात सात ठिकाणी वापरलाच पाहिजे, त्याशिवाय तो मुरत नाही म्हणतात. त्यामुळे 'लेथार्जिक' एकदा आमच्या रखडत चालणाऱ्या लिफ्टला मिळाला, 'ऑडेशियस' हातातली पोळी पळवणाऱ्या गच्चीवरच्या कावळ्याला, आणि एका बुधवारी मी घाईत जिना उतरत असताना मागून हाक आली, "अरे, इतको इम्पेच्युअस होऊ नको, पडशीत!"

स्वतः शब्द वापरतात, तसा दुसऱ्यांनी वापरलेला शब्दही त्या सोडत नाहीत. कोणी इंग्रजी फेकलं की लगेच, "अर्थ काय त्याचो?" सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगला बिल्डरचा माणूस आला होता. टाय वगैरे लावून म्हणाला, "नव्या घरांचं पझेशन टेंटेटिव्हली तीन वर्षांत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी हात वर केला. "टेंटेटिव्हली म्हणजे?" तो घाम पुसत म्हणाला, "म्हणजे... नक्की नाही." टाळ्या थांबल्या.

मीही सुटलो नाही. मी ऑफिसात दिवसातून वीसदा 'सिनर्जी' म्हणतो. काकूंनी अर्थ विचारला तेव्हा मी गुपचूप मोबाइल काढायला लागलो. "ठावक नाय तर नाय म्हणून सांग की. लाजतंस कशाक?" एवढं बोलून त्या कोथिंबीर निवडायला लागल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मग गेल्या वर्षी आईच्या मानेत गाठ निघाली. तपासणीसाठी तुकडा काढला, आठ दिवसांनी रिपोर्ट. त्या सकाळी मी आईला घेऊन निघालो, तर काकू चपला घालून दारात तयार. "मी येतंय," म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

आईला नर्सने ड्रेसिंगला आत नेलं आणि आम्हा दोघांना डॉक्टरांनी बोलावलं. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि भराभर सुरू केलं, "लीजन बिनाइन आहे, आपण कन्झर्व्हेटिव्हली मॅनेज करू..." माझ्या कानात नुसतं घूं घूं होत होतं. मी प्रत्येक शब्दाला मान डोलवत होतो. मनात म्हणत होतो, गेली आई.

"थांबा डॉक्टर," काकूंनी वही उघडली. "बिनाइन. अर्थ काय त्याचो?"

डॉक्टर थांबले. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "कॅन्सर नाही."

"आणि कन्झर्व्हेटिव्ह?"

"ऑपरेशन नको. फक्त लक्ष ठेवायचं."

बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. जरा सावरल्यावर म्हटलं, "काकू, बरं झालं तुम्हाला तो शब्द माहीत नव्हता."

"माका ठावक होतो रे," त्या म्हणाल्या. "पण तुझा तोंड पांढराफटक पडलेला. आणि तू काय विचारूचंस नाय."

 मग काकू सांगू लागल्या. परबकाका शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होते तेव्हा डॉक्टर काकूंना म्हणाला होता, प्रॉग्नोसिस इज पुअर.

"माका फक्त पुअर कळला. मी वॉर्डात जाऊन ह्येंका सांगलंय, प्रॉग्नोसिस इज पुअर, डॉक्टर आपल्याक गरीब म्हणता. हे इतके हसले, की नर्स धावत इली. म्हणाले, 'बरोबर म्हणता गो तो.'"

काकांची हयात इंग्रजी पत्रं टाइप करण्यात गेली होती. त्यांना अर्थ माहीत होता: बरं होण्याची आशा कमी.

"माका सांगल्यानी नाय. पुढचे अकरा दिवस मी त्यांच्याशी गॅस सिलिंडरच्या नंबरावरून भांडलंय. ते गेल्यावर त्यांच्याच डिक्शनरीत तो प्रॉग्नोसिस शब्द शोधलंय. स्पेलिंग येत नव्हता, दुपार गेली त्यात." त्या वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होत्या. "ठावक असता, तर भांडलंय नसतंय. बाजूक बसान ऱ्हवलंय असतंय."

तेवढ्यात आई बाहेर आली. आम्हा दोघांचे चेहरे बघून दारातच थबकली. मी उठून बाकावर जागा केली. काकू पुढे झाल्या, आईचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकेक करून सांगितलं, एकही इंग्रजी शब्द न वापरता.