अंदाज करणे नियमबाह्य

"मुख्याध्यापिकांना दोन पानी पत्र लिहिलंत, आणि मला आत्ता सांगताय?" गोटीच्या आईने कढईतला झारा तसाच हातात धरून विचारलं.

"पत्र नाही, निवेदन," निरीक्षक म्हणाले.

निरीक्षक म्हणजे गोटीचे बाबा, वजनमाप खात्यात होते. अठरा वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले होते, खोटी वजनं जप्त केली होती आणि खऱ्या वजनांवर शिक्के मारले होते. त्यामुळे 'चिमूटभर', 'जरासं', 'साधारण' असले शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. बायकोने भाजीत मीठ डोळ्यांनी बघून टाकलं तर ते दुसरीकडे बघत. संसार टिकवायचा तर एवढं करावंच लागतं.

झालं असं होतं की गोटी दुसरीत होती आणि या वर्षीपासून दुसरीच्या मुलांना एक प्रमाणित चाचणी आली होती. सगळ्या शाळांना एकच पेपर, तपासायला एकच उत्तरसूची. त्याआधी एक सराव पेपर घरी येणार होता. तो मुलांनी आपला आपण सोडवायचा. त्यात वीसपैकी दहाच्या खाली ज्याला पडतील त्याला दर शुक्रवारी शेवटच्या तासाला जादा वर्ग. मात्र पालकसभेत वर्गाच्या बाईंनी सांगितलं, "नुसत्या पेपरवर जाऊ नका. मी रोज मुलांकडे बघते, वहीत लिहून ठेवते. दोन्ही मिळून ठरवू."

निरीक्षकांनी हात वर केला. "त्या वहीवर शिक्का कोणाचा असतो?"

"कसला शिक्का?" बाई म्हणाल्या.

तिथेच निरीक्षकांचं मत कायम झालं. घरी येऊन त्यांनी निवेदन लिहिलं, की निर्णय केवळ प्रमाणित पेपरवरून व्हावा, शिक्षकांच्या वहीतील अंदाज ग्राह्य धरू नये. मुख्याध्यापिकांना पालकांच्या पत्रांचा एवढा वैताग आला होता की त्यांनी खाली 'मान्य' लिहिलं आणि सही ठोकली.

यात गोटीचा शुक्रवार अडकला होता, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला बालवर्गातल्या पिल्लांना गोष्ट वाचून दाखवायला बाईंनी तिची निवड केली होती. पंधरा दिवस ती घरातल्या उशा ओळीने बसवून सराव करत होती. एक उशी सारखी कलंडायची, तिला "नीट बस गं, पुढे अस्वल येणारे" अशी तंबीही मिळाली होती.

सराव पेपर घरी आला. आता मुलीला किती वेळ द्यायचा? पेपरवर तर काही लिहिलेलं नव्हतं. निरीक्षकांनी कचेरीत त्याची झेरॉक्स काढून आणली आणि घड्याळ लावून आधी स्वतः सोडवायला बसले. सूचनेत पेन्सिल म्हटलं होतं म्हणून पेन्सिलीने. नावाच्या चौकटीत त्यांनी गोटीचंच नाव लिहिलं. तिच्या जन्मापासून तिचे सगळे फॉर्म भरणारा तो हात, त्याला दुसरं काही सुचलंच नाही. नंतर गोटीने आपला पेपर सोडवला, पाय हलवत, गुणगुणत. दोन्ही पेपर स्वयंपाकघरातल्या टेबलावर निरीक्षकांच्या तपासणी अहवालांशेजारी पडले. सकाळच्या गडबडीत वरचा दप्तरात गेला, खालचा अहवालांच्या फायलीत.

आठ दिवसांनी शाळेतून चिठ्ठी आली. वीसपैकी सहा. पालकांनी भेटावे.

गोटीने चिठ्ठी दोनदा वाचली. "म्हणजे शुक्रवारी मी नाही वाचायचं?" एवढंच विचारलं आणि जाऊन उशा परत पलंगावर ठेवायला लागली. ते बघून निरीक्षक ताटावरून उठले. 'तपासण्यातच चूक असणार,' असं म्हणत ते तरातरा शाळेत गेले.

बाई छोट्या खुर्चीत बसल्या होत्या. निरीक्षकांनाही तसलीच खुर्ची मिळाली. गुडघे छातीला लागले.

"पेपर बघू," ते म्हणाले.

बाईंनी पेपर पुढे सरकवला. प्रश्न तीन. तराजूचं चित्र, कोणतं पारडं जड? उत्तर : 'काटा सदोष. तराजू जप्त करावा.' प्रश्न पाच. मांजर जड की फुगा? 'माहिती अपुरी.' प्रश्न आठ. चित्रातल्या जेवणाच्या डब्याचं वजन अंदाजे किती असेल? 'वजन न करता वजन सांगणे नियमबाह्य.'

निरीक्षकांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी पेपर पालथा ठेवला.

"गोटी हुशार आहे हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या वहीत बघा ना. नऊ तारखेला तिने शेजारच्या मुलाला हातच्याची वजाबाकी मण्यांवर समजावली. बारा तारखेला अडलेला शब्द सोडून पुढे गेली आणि मागे येऊन बरोबर वाचला."

"मग वहीच धरा की," निरीक्षक घाईघाईने म्हणाले. "पेपरचं काय एवढं? एक दिवसाचं काम ते. वही रोजची आहे."

बाईंनी ड्रॉवर उघडून दोन पानी निवेदन काढलं. "वही धरू नये असं लेखी आलंय. वर मान्यही झालंय. माझे हात बांधलेत."

"निवेदन लिहिणारा माणूस मूर्ख असेल."

"मी तसं नाही म्हणणार," बाई म्हणाल्या. "पण सात वर्षांची मुलगी 'सदोष' लिहीत नाही. आणि गोटी 'ळ' काढते तो चष्म्यासारखा. या पेपरात एकही चष्मा नाही. मला पहिल्या दिवशीच कळलंय, पण माझ्या कळण्याला आता किंमत नाही ना. कोणीतरी लेखी द्यायला हवं."

बाईंनी एक कोरा कागद निरीक्षकांपुढे सरकवला. दुसरीच्या पेपरात आपल्याला सहा गुण मिळाले हे सहीनिशी लिहून द्यायचं होतं. पुढच्या आठवड्यात याच गल्लीतली दुकानं तपासायची होती. पण डोळ्यांसमोर त्या पलंगावर रचलेल्या उशा आल्या आणि त्यांनी एका दमात लिहून टाकलं : 'सोबतचा पेपर माझा आहे. सहा गुण मला मिळालेले आहेत. वहीबाबतचे माझे निवेदन मी मागे घेत आहे.'

"छान," बाई म्हणाल्या. "आता तिचा पेपर तेवढा आणा. उद्या शुक्रवार आहे."

तिचा पेपर? तो अहवालांबरोबर कचेरीत गेला होता.

कचेरीत साहेब फाईल उघडूनच बसले होते. "या. अठरा वर्षं तुमचे अहवाल वाचतोय," ते म्हणाले, "पण शेवटपर्यंत वाचावासा वाटला असा हा पहिलाच." त्यांनी गोटीचा पेपर वर धरला. त्यावर आवक क्रमांक पडला होता आणि कारकुनाने नेहमीच्या सवयीने 'तपासले, योग्य' असा शिक्काही मारला होता.

"साहेब, तो चुकून..."

"कळलं मला. मांजर जड, कारण फुगा कधी खाली बसत नाही. बरोबरच आहे. पण हा आठवा ऐका." साहेबांनी चष्मा वर सरकवला. "'डबा कोणाचा आहे त्यावर आहे. बाबांचा असेल तर अर्धा किलो. आईचा असेल तर पाव, कारण आई आम्हाला भरून उरलेलं नेते.'"

साहेबांनी पेपर परत दिला. निरीक्षकांनी तो जपून खिशात ठेवला. बारा वर्षं ते दोन डबे ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलेले असत. गावभरचे तराजू तपासणाऱ्या माणसाने तेवढे दोन कधी उचलून बघितले नव्हते. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी बाईंनी उत्तरसूची समोर ठेवून पेपर तपासला. एकोणीस गुण. गेला तो आठव्या प्रश्नाचा.

"याचा गुण का कापला?" निरीक्षकांनी विचारलं.

"सूचीत 'अर्धा किलोच्या आसपास' एवढंच आहे. आकडा एकच हवा. मी तरी काय करू, प्रमाणित आहे." बाईंनी आपली वही ओढली, तारीख घातली आणि ते उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलं. "इथे मात्र माझं राज्य आहे."

"त्यावर शिक्का मारून देऊ का?" निरीक्षकांनी विचारलं. बाई पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या.

शुक्रवारी सकाळी गोटी वेणीला रिबीन बांधून, गोष्टीचं पुस्तक पोटाशी धरून स्वयंपाकघरात आली. बाबा ओट्यापाशी उभे होते. एका हातात त्यांचा डबा, दुसऱ्या हातात आईचा, डोळे मिटलेले.

"अहो, हे काय चाललंय? मला उशीर होतोय," आई म्हणाली.

"थांब जरा." त्यांनी डबे खाली ठेवले, स्वतःच्या डब्यातून दोन चमचे भाजी काढून तिच्या डब्यात घातली आणि पुन्हा दोन्ही उचलून बघितले.

"काटा देऊ का आणून?" गोटीने विचारलं.

"नको. साधारण कळतंय."

आईने चमकून त्यांच्याकडे बघितलं. गोटीने पुस्तक काखेत मारलं, दोन्ही डबे आपल्या हातांत घेतले आणि बाईंसारखी मान तिरकी करून जरा विचार केला.

"आईच्यात अजून एक चमचा घाला," ती म्हणाली. "पण प्रयत्न चांगला आहे."