ऐनवेळचा विषय : एक खुर्ची

शिक्षण मंडळाचे कोषाध्यक्ष टेकडीवरच्या शाळेत तपासणीला आले आणि पहिलीच्या मुलांच्या खुर्चीत अडकले, त्या सकाळी शाळेच्या बाईंनी मनातल्या मनात शाळेचा निरोप घेऊन टाकला होता. फळा पुसला होता, खिडक्या पुसल्या होत्या, मुलांना नखं कापून यायला सांगितलं होतं. जायचंच आहे तर नीटनेटकं जावं, एवढंच.

कोषाध्यक्षांचं गावात गाद्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना गादीवाले म्हणत. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा आणि हिशेबाला पक्का. मंडळ पाच जणांचं, लोकांनी निवडून दिलेलं. गावाच्या करातून आणि सरकारी अनुदानातून कुठल्या शाळेला किती द्यायचं, कुठल्या शाळेला कोणता शेरा मारायचा, हे तेच ठरवत. अनुदान यायचं मुलांच्या डोक्यांवर. टेकडीवर डोकी कमी आणि छप्पर, दिवे, बाई यांचा खर्च तेवढाच. तेव्हा ही शाळा बंद करून मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत धाडावीत, असा ठराव गादीवाल्यांनीच मांडला होता. संध्याकाळच्या सभेत तो मंजूर व्हायचा होता. त्याआधी नियमाप्रमाणे एका सदस्याने शाळेचं 'पूर्ण दिवसाचं कामकाज' पाहणं भाग होतं. मंडळात याचा अर्थ एक कप चहा असा लावला जाई.

गादीवाले चढ चढून आले ते धापा टाकतच. त्यांना बसायला हवं होतं. बाईंची खुर्ची गेल्या वर्षी मोडली होती. नव्या खुर्चीचा अर्ज 'पुढील अंदाजपत्रकात विचार व्हावा' असा गादीवाल्यांच्याच सहीचा शेरा घेऊन परत आला होता, आणि तेव्हापासून बाई उभ्यानेच शिकवत. वर्गात उरल्या त्या मुलांच्या खुर्च्या. लाकडी, बुटक्या, आणि लहानगी बाजूला कलंडू नयेत म्हणून दोन्हीकडे हात असलेल्या. बाई "थांबा" म्हणेपर्यंत गादीवाल्यांनी त्यातल्या एकीवर बूड टेकलं होतं.

चहा झाला. वहीत शेरा लिहून झाला. गादीवाले उठले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. ते दारापर्यंत गेले तेव्हा तिसरीच्या एका मुलाने शेजारच्याला कोपर मारलं आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. बाई गेली कित्येक वर्षं असल्या शांततेसाठी डस्टर आपटत आल्या होत्या.

मग जे जे करायचं ते केलं गेलं. बाईंनी खुर्ची ओढली, गादीवाल्यांनी पोट आत घेतलं. हात धुवायचा साबण लावून झाला. चौथीच्या मुलांनी एका बाजूने आणि तिसरीच्या मुलांनी दुसऱ्या बाजूने जोर लावला, त्यात चौथी जिंकली, पण खुर्ची निघाली नाही. शेवटी गादीवाले घाम पुसत म्हणाले, की खाली सुताराला निरोप धाडा आणि कापून टाका हे लाकूड.

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"कापता येणार नाही, साहेब."

"का?"

"मंडळाची मालमत्ता आहे. मंडळाच्या ठरावाशिवाय सामान मोडायचं, विकायचं किंवा कापायचं नाही, असं परिपत्रक आहे. तुमचंच आहे."

होतं खरं. एका शाळेची बाकं चहाच्या टपरीवर सापडली, तेव्हा संतापाच्या भरात गादीवाल्यांनी ते काढलं होतं. फळ्याचा स्टँड मोडला म्हणून बाईंना मागे दोन पानी खुलासा द्यावा लागला होता. त्यांचा सूड उगवण्याचा विचार नव्हता. त्यांना खुलाशाची खरोखर धास्ती होती.

गादीवाल्यांनी परवानगी आपण देतो म्हणून पाहिलं. एका सदस्याची सही चालत नव्हती. तेही परिपत्रकातच होतं.

त्यांनी अध्यक्षबाईंना फोन लावला. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. कुणाचं तरी तोंड उघडं ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळच्या सभेत खुर्चीचा विषय घेऊ म्हणाल्या. पण अडचण अशी, की पाचांतले दोन सदस्य बाहेरगावी होते. सभा भरायला तिघं तरी हवे, आणि तिसरे गादीवाले. खुर्ची कापायला सभा हवी, सभेला गादीवाले हवेत, आणि गादीवाले खुर्चीत. त्यांना तसंच खाली आणावं म्हटलं तर ते कडाडले, की आपण बाजारपेठेतून असे जाणार नाही. वीस वर्षं लोकांना आरामात कसं बसावं, कसं झोपावं हे सांगून पोट भरणाऱ्या माणसाने खुर्ची पाठीला लावून दुकानासमोरून जायचं, म्हणजे उद्यापासून कुलूपच. तेव्हा अध्यक्षबाईंनी निर्णय दिला, की सभाच टेकडीवर भरेल. तोवर गादीवाल्यांनी पूर्ण दिवसाचं कामकाज पाहावं.

बायकोला त्यांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की काम वाढलंय, जेवायला येत नाही.

त्यांना कुठे बसवावं हा प्रश्नच नव्हता, ते बसलेलेच होते. बाईंनी त्यांना खिडकीजवळ, पहिलीतल्या एका मुलीच्या शेजारी सरकवलं. ही मुलगी शाळेत 'टिकली' म्हणून ओळखली जाई. जीव एवढासा, पण वर्गाची काळजी बाईंपेक्षा तिलाच जास्त. तिने आपली पाटी, डबा, पेन्सिली एका बाजूला घेऊन मेजाचा अर्धा भाग त्यांना मोकळा करून दिला आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"बाई, हे काका रेघ सोडून लिहितायत," थोड्या वेळाने तिने तक्रार केली.

"मी बिलं लिहितो, त्यावर रेघा नसतात," गादीवाले म्हणाले.

"मग आता शिका ना."

बाईंनी ओठ चावून हसू आवरलं. एका खोलीत चार इयत्ता शिकवायच्या म्हणजे बाईंची रीत ठरलेली. थोरल्यांनी धाकट्यांचं वाचून घ्यायचं, तोवर बाई मधल्यांची गणितं घेणार. गादीवाले आधी घड्याळाकडे पाहत होते, मग फळ्याकडे पाहू लागले. तिसरीचा एक मुलगा भागाकाराला अडला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि एका गादीचा कापूस तीन उशांत कसा वाटायचा ते हाताने मापून दाखवलं. मुलाला भागाकार आला. मग इतर मुलं जमली. गादी मधेच का खचते, उशीत गुठळ्या का होतात, राजाची गादी केवढी असते, असले प्रश्न सुरू झाले. रात्री शू होऊन भिजलेली गादी वाळवावी की नवी घ्यावी, हे एकाने अगदी हळू, कानात विचारलं. गादीवाल्यांनीही कानातच उत्तर दिलं आणि आपणही दुसरीपर्यंत ओली करायचो, असं पुढे जोडलं. ते बाईंना ऐकू आलं, कारण त्यांचं कुजबुजणंही दांडगं होतं.

डब्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे डबा नव्हता. वर्गाने न बोलता त्याचा बंदोबस्त केला. कुणी अर्धं उकडलेलं अंडं ठेवलं, कुणी केळ्याचा तुकडा, टिकलीने काकडीच्या चकत्या मोजून दिल्या. जेवणानंतर धाकटी मुलं चटयांवर थोडा वेळ पडत. गादीवाल्यांचेही डोळे मिटले, मान कलली, आणि ते घोरायला लागले. थोरली मुलं खुसखुसली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. टिकलीने उठून आपला स्वेटर गुंडाळून त्यांच्या मानेखाली सरकवला आणि पुन्हा झोपून गेली.

बाई फळ्यावर चौथीचं शुद्धलेखन लिहायला वळल्या. शेजारच्या खिडकीच्या काचेत, सकाळीच पुसलेल्या, मागचा सगळा वर्ग दिसत होता. त्यांना दिसलं ते असं. गादीवाले जागे झाले. मेजावरून टिकलीचं खोडरबर घरंगळून कपाटाखाली गेलं होतं. ते उठले, दोन पावलं चालले, वाकले, खोडरबर काढलं, फुंकर मारून मेजावर ठेवलं. खुर्ची जागच्या जागी होती. झोपेत अंग सैल पडलं होतं म्हणा, नाहीतर साबण आता कुठे मुरला होता म्हणा, माणूस मोकळा झाला होता.

गादीवाल्यांनाही ते तेव्हाच कळलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. स्वेटर उचलला, झटकला, घडी केली. मग आधी डावी मांडी, मग उजवी, असं करत, श्वास रोखून, हात दाबून ते पुन्हा खुर्चीत शिरले. सकाळी आपोआप झालं होतं त्याला आता बरेच कष्ट पडले. नीट बसल्यावर ते जरा मोठ्याने "आई गं" म्हणाले.

बाईंच्या हातातला खडू मोडला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दुसरा खडू घेतला आणि पुढचा शब्द लिहिला, तोही ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ. टिकलीने जाग आल्यावर तो दाखवून दिला.

संध्याकाळी अध्यक्षबाई आल्या, त्यांच्या मागून पोस्टातून निवृत्त झालेले सदस्य आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. आणि त्यांच्याही मागून गादीवाल्यांच्या पत्नी आल्या. दुकानात कुणीतरी बातमी पोचवली होती. त्यांनी नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या चटईवर जाऊन बसल्या. घरी जायची वेळ होऊनही मुलं खिडकीबाहेर थांबली होती.

दोघं सदस्य छोट्या खुर्च्यांच्या अगदी टोकावर बसले, गुडघे कानांशी घेऊन. खुर्चीचा विषय आधी घ्यावा असं अध्यक्षबाईंना वाटत होतं, पण मास्तर कामकाजाच्या क्रमाचे कट्टर. आयत्या वेळी आलेला विषय शेवटी. पहिला विषय शाळा बंद करण्याचा. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसायला त्यांना अजून खुर्ची नव्हती.

"ठराव कोषाध्यक्षांचा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "भेट झालीय. मग घ्यायचा मताला?"

गादीवाल्यांनी घसा खाकरला. "भेट झालेली नाही."

"म्हणजे? सकाळपासून इथेच आहात ना तुम्ही?"

"आहे. पण नियमात 'पूर्ण दिवसाचं कामकाज पाहणे' असं आहे. माझं निम्मं लक्ष खुर्चीत होतं. इतिहास झाला तेव्हा मी झोपलो होतो. असल्या अहवालावर मी सही करणार नाही. ठराव मागे घेतो."

मास्तर चिडले. असं असेल तर ठराव आपण मांडतो म्हणाले. अध्यक्षबाईंनी अनुमोदन कोण देतंय विचारलं. त्या स्वतः सभा चालवत होत्या, त्यांना देता येत नव्हतं. उरले गादीवाले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. अनुमोदनाशिवाय ठराव पडला. आता पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत तो आणता येणार नव्हता, आणि हा नियम मास्तरांनाच सगळ्यांत आधी आठवला.

बाईंनी भिंतीचा आधार सोडला नाही. एका वर्षाचं जीवदान होतं, फार मोठं नव्हतं. पण सकाळी निरोप घेऊन ठेवलेल्या खिडक्या, कपाट, फळा, सगळं त्यांना आता परत ओळखीचं दिसायला लागलं.

मग ऐनवेळचा विषय आला. अशा विषयाला अनुमोदन लागत नसे. गादीवाल्यांचा स्वतःचा संबंध असल्यामुळे त्यांना मत देता येईना. बाकी दोघांनी खुर्ची कापण्याचा ठराव मंजूर केला. सुतार करवत घेऊन अंगणात थांबलाच होता. तो आत आला, गुडघ्यावर बसला आणि खुर्चीचा डावा हात चाचपू लागला.

गादीवाल्यांचा चेहरा पडला. उठावं तर इतक्या लोकांना टेकडी चढायला लावल्याचा जाब द्यावा लागणार. न उठावं तर धडधाकट खुर्चीवर करवत फिरणार. त्यांनी बाईंकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत काहीतरी मागणं होतं.

"साहेब," बाई पुढे आल्या, "कापण्याआधी एकदा श्वास पूर्ण सोडून बघा. मुलं खिडकीच्या गजांत अडकली की आम्ही असंच करतो."

गादीवाल्यांनी श्वास सोडला. इतका सोडला, की सुताराचे केस उडाले. मग ते हळूहळू, जरा जास्तच कण्हत, उठून उभे राहिले. खिडकीबाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षबाईंनीही टाळ्या वाजवल्या. मास्तर मात्र मंजूर झालेल्या ठरावाचं आता काय करायचं, म्हणून चिंतेत पडले. खुर्ची कापलीच पाहिजे की काय, यावर उतारावरून खाली जाईपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता.

सगळे गेले. गादीवाले अंगणात टिकलीला स्वेटर परत करत होते. बाई वर्ग आवरायला लागल्या तेव्हा गादीवाल्यांच्या पत्नी चटया गुंडाळू लागल्या.

"कधीपासून मोकळे होते हो हे?" त्यांनी सहज विचारलं.

बाईंच्या हातातला डस्टर थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, घरी अंगठी बोटात अडकली तर अख्खी गल्ली गोळा करतात. इथे खुर्चीत अडकून संध्याकाळपर्यंत गप्प? छे."

"दुपारपासून," बाई म्हणाल्या.

बाहेर गादीवाले टिकलीसमोर उकिडवे बसून तिच्या स्वेटरची बटणं लावत होते आणि एक बटण चुकलं म्हणून तिची बोलणी खात होते. बायकोने ते थोडा वेळ पाहिलं.

"घरी आम्ही दोघंच," त्या म्हणाल्या. मग शेवटची चटई भिंतीला लावून त्यांनी पदर खोचला. "त्यांचा तो अहवाल अपुरा राहिलाय ना? उद्या किती वाजता पाठवू? डबा देईन बरोबर."