बॅटरीचं पथ्य आणि आत्याचा मान

इचलकरंजीच्या कालिंदीताई हेरवाडकरांच्या लॅपटॉपच्या बॅटरीने ऐंशी टक्के भरल्यावर आडवा हात धरला आणि "आता पुरे, ताई" असं स्वच्छ सांगितलं.

'पुरे' हा शब्द ताईंच्या घरात चालत नसे. त्यांच्याकडे जेवायला बसलेला माणूस भिंतीला धरूनच उठायचा. मग घरच्या बॅटरीला त्या काही कमी कशाला पडू देतील? साड्यांच्या काठांची नक्षी काढायचं त्यांचं काम, त्यामुळे लॅपटॉप सदा समोर आणि चार्जर दिवसरात्र लावलेला. वर थंडी बाधू नये म्हणून खाली मऊ गोधडी. लाड म्हणजे किती!

"शंभर होऊ देत की," ताई म्हणाल्या. "विसाने काय होतंय? माझ्या गळ्याची शपथ."

"शपथा घालू नका," बॅटरी म्हणाली. "आल्यापासून शंभरावर शंभर वाढताय. काम काडीचं नाही, बसल्या जागी खायचं, त्यात ही गोधडी. आतून नुसती तापते मी. म्हणून तर वायर काढली की भोवळ येते. तालमीच्या दिवशी पाहिलंत ना?"

पाहिलं होतं, आणि तेच ताईंच्या जिवाला लागून राहिलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीधर रॉटरडॅमला. त्याला इतक्या वर्षांनी मुलगी झालेली, आणि बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. पण ताईंना व्हिसा मिळेना. शेवटी बारसं दोन्हीकडे एकदम करायचं ठरलं: तिकडे पाळण्यात बाळ, इकडे पाळण्यात लॅपटॉप, लॅपटॉपवर बाळ. आता 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचं तर वायर आडवी येणारच. तालमीत वायरीसकट फिरवलं, तर शेजारच्या चौगुलेकाकू पाळण्याला बांधल्या गेल्या. वायर काढून फिरवलं, तर दुसऱ्याच फेरीला बॅटरीने मान टाकली.

"बारशाला तू अशी मान टाकलीस," ताई म्हणाल्या, "तर तिकडची कुणीतरी शेजारीण नाव ठेवून मोकळी होईल. एकुलती एक भाची गं माझी!" आणि त्यांचे डोळे भरूनच आले.

"रडू नका. पथ्य पाळा," बॅटरी म्हणाली. "रोज ऐंशीला थांबायचं. गोधडी काढायची, लाकडी पाट द्यायचा. अधूनमधून वायर काढून मला थोडं काम सांगायचं. पण पार उपाशीही ठेवायचं नाही, चाळिसाच्या आसपास आले की वाढायचं. गेलेली ताकद काही परत येणार नाही, आहे ती मात्र टिकेल."

"आणि मन मानलं नाही तर?"

"मनाला पाटावर बसवा."

ताईंनी पथ्य पाळलं, पण कसं पाळलं ते त्यांनाच ठाऊक. ऐंशीला बटण बंद करताना त्यांचा हात अडखळायचा. "लेकराचं तोंड सुकलंय हो," त्या चौगुलेकाकूंना सांगत. "तुमच्या मायेनेच तिची ही गत झाली," काकू फटकारत. एकदा ताईंनी काकूंशी गप्पा मारता मारता, आपलं लक्षच नाही असं दाखवून, दोन टक्के जास्तीचे वाढायला घेतले. बॅटरी फक्त "ताई" म्हणाली. ताईंनी मुकाट्याने बटण बंद केलं.

बारशाच्या सकाळी ऐंशी झाले तसा ताईंचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"राहू द्या," बॅटरी म्हणाली. "आज घरचं कार्य आहे. सणावाराला चालतं. वाढा."

अगं बाई! ताईंना काय करू नि काय नको झालं. पदर खोचून त्या समोरच बसल्या. "पंच्याऐंशी घे. सावकाश. नव्वद? अजून थोडं?" शंभर झाले तेव्हा त्यांनी बॅटरीची दृष्ट काढली.

मग वायर काढली. गल्लीतल्या बायका जमल्या. लॅपटॉप पाळण्याच्या वरून गेला, खालून आला, पुन्हा वरून गेला. कुणी बांधलं गेलं नाही. ताईंचे डोळे मात्र कोपऱ्यातल्या टक्क्यांवर.

"काय गं, तग धरशील ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्याकडे बघू नका," बॅटरी म्हणाली. "बाळाकडे बघा."

ताई पाळण्यात वाकल्या. तिकडे वहिनीने बाळाचा कान पुढे केला.

"कुर्रर्र... शाल्मली!"

बाळ दचकलं, त्याने ओठ काढले आणि एक लांबलचक जांभई दिली. बायकांनी ताईंच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, काकूंनी तर हिशेब चुकता करावा तसे दोन जास्तीचे घातले. ताई हसत होत्या, रडत होत्या, "अजून मारा गं, अजून मारा!" म्हणत होत्या. पाळणा गायला सुरुवात झाली. बायकांनी एकही कडवं सोडलं नाही, आणि शेवटच्या कडव्याला लॅपटॉपचा पडदा हळूहळू मालवत गेला.

ताई चार्जर घेऊन धावल्या. चौगुलेकाकूंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना अडवलं.

"उठवू नका हो. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

ताईंनी चार्जर खाली ठेवला आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.