आईच्या अंगणात उतरलेलं आभाळ

फुगा उंचावर ठरल्याप्रमाणे फुटला, छत्री उघडली, पेटी खाली येऊ लागली. हवेचा अभ्यास करणारा यार्मो खुशीत होता. मग पडद्यावरचा पेटीचा ठिपका फिनलंडच्या उत्तरेकडल्या लॅपलँडच्या जंगलांवरून सरकत सरकत नेमका त्याच्या आईच्या अंगणात जाऊन थांबला, आणि गड्याचा चेहरा उतरला.

पेटीत पोलादी नळीचं वेटोळं होतं. खाली येताना ध्रुवाकडच्या आभाळातली हवा त्यात उंचीप्रमाणे थराथरांनी भरते. मिथेन कुठे किती, कार्बन मोनॉक्साइड कुठे किती, सगळं कळतं. पण नळी लवकर प्रयोगशाळेत पोचली नाही, तर थर एकमेकांत मिसळतात आणि मेहनतीवर पाणी. हिवाळ्यातला हा शेवटचा फुगा. आणि उन्हाळ्यापासून यार्मो आईकडे फिरकलाच नव्हता.

"आत जायचं नाही," गाडीत त्याने सहकारी सातूला बजावलं. "पेटी उचलायची, निघायचं. आईची कॉफी म्हणजे संध्याकाळ होते."

यार्मोची आई राइलीबाई पेटी मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या होत्या. पेटीला लोकरी शाल गुंडाळलेली.

"आभाळातून सामान टाकायचं झालं, तेव्हा आई आठवली होय रे?"

"आई, घाई आहे गं. पेटी दे."

"देते की. कॉफी घे आधी."

"मावशी, वेलचीच्या पावाचा काय वास सुटलाय!" सातू म्हणाली. फितूर कुठली!

यार्मोने पेटी उघडली आणि तो मटकन बर्फात बसला. नळीची झडप गोठून उघडीच राहिली होती आणि तिच्या तोंडात पिठाचा गोळा कोंबलेला होता.

"हे काय केलंस?"

"फुसफुसत होतं रे बिचारं. म्हटलं, सर्दी व्हायची. हाताला पावाचं पीठ होतं, दिलं लावून."

त्या गोळ्यानेच हवा अडवली होती! यार्मोने आईच्या पिठाळ हाताचा मुका घेतला, उभ्याउभ्या अर्धा कप कॉफी घशात ओतली आणि गाडी पिटाळली. आरशात आई बराच वेळ हात हलवताना दिसत होती. त्याला फार वाईट वाटलं.

प्रयोगशाळेत पाहिलं, तर थर जागच्या जागी होते. फक्त अगदी तळाशी, जमिनीलगतच्या हवेत, कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला वायू, भलताच वाढलेला. यार्मोने फोन लावला.

"आई, तू पाइप ओढत होतीस? सोडला म्हणाली होतीस ना?"

"गोळा लावायच्या आधी दोनच झुरके. त्या मेल्या नळीने चुगली केली?" मग राइलीबाई उसळल्या, "एवढं आभाळ भरलंय त्या नळीत, आणि तुला माझाच धूर सापडला!"

"तेवढाच ओळखीचा होता गं."

"रविवारी वारा कुठे वाहतोय रे? आमच्याकडे असेल, तर पाव जास्तीचे भाजते."

"रविवारी फुगा नाही, आई."

"बरं."

"मीच येतोय."

"मग पाइप लपवायला हवा," म्हणत राइलीबाईंनी नाक ओढलं.