इंगोले काकांचे सुटे पार्ट

इंगोले काका विजेचं बटण दाबताना डावा हात खिशात घालतात. पंख्याचं असो, मिक्सरचं असो, नाहीतर शेजाऱ्याच्या दारावरच्या बेलचं असो. खिसा नसलेल्या कपड्यात ते बटणाला हातच लावत नाहीत. आंघोळीनंतर टॉवेलवर असले तर काकूंना हाक मारतात, "सुमन, लाइट लाव वं!"

दोन्ही हात मोकळे असले की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणा जुन्या लाईनमननं सांगितलं होतं. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, हात मात्र अजून खिशात जातो. विहारातल्या कार्यक्रमात त्यांच्यापुढे माईक आला की ते एका हातानं तो दूर सारतात आणि दुसरा खिशात ठेवून मोठ्यानं बोलतात. पाहुण्यांना वाटतं, माणूस भारी ऐटीचा दिसतो.

"करंट काका-मामा ओयखत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी टेस्टर. कोणाकडे गेले की बसायच्या आधी फ्रिजला टेस्टर लावणार. "च्या मंग, आंदी अर्थिंग." शेलूबाजारात मी कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास काढला, तेव्हा शेजारी म्हणून उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं. त्यांनी फीत कापायच्या आधी मेन स्विच बंद करायला लावला. भर मे महिन्यात पंख्याविना सगळे घाम पुसत राहिले आणि काका विजेचे फायदे सांगत राहिले.

तर असा माणूस एका दुपारी माझ्या क्लासात आला आणि म्हणाला, "सविता, मले कॉम्प्युटर बनवाचा हाये. गेम खेळाचा."

मला आधी हसू आलं आणि मग रागच आला.

राग येण्याचं कारण त्यांच्या घरातच होतं. त्यांची करुणा दिवाळीनंतर पुण्याहून नोकरी सोडून घरी आली होती. बॅग घेऊन आली, मागच्या खोलीत गेली आणि तिथेच राहिली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. पुढेपुढे तर काहीच सांगणं बंद झालं. ताट ठेवलं तर थोडं खायची. विचारलं तर मान हलवायची, कधी तीही नाही. हीच करुणा शाळेत असताना माझ्या क्लासातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टायपिंगचा धडा कसाबसा उरकून गेम खेळत बसायची आणि जिंकली की असं ओरडायची की बाकीच्यांचे धडे चुकायचे. मी दोनदा भेटायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बोलतच नाई वं माय. माह्या पोरीचा आवाज कसा हाये, तेच इसरून जाईन मी."

आणि या माणसाला गेम सुचत होते.

"जोडलेला तयार घ्या ना काका," मी तुटकपणे म्हटलं.

"नाई. सुटे पार्ट. एक एक निवडून. तू घरी ये, तिथं बसू."

"इथंच बसा. पंखा आहे."

"घरी ये," म्हणून ते उठलेच.

त्यांच्या घराच्या मागच्या ओसरीत करुणाच्या खोलीची खिडकी उघडते. काकांनी खुर्च्या नेमक्या त्या खिडकीखाली मांडल्या होत्या. मी हळू आवाजात सुरू केलं, की मदरबोर्ड आणि प्रोसेसर एकमेकांना जुळणारे घ्यावे लागतात, रॅम त्या बोर्डाला चालेल तीच लागते. काका कानाला हात लावून म्हणाले, "मोठ्यानं सांग वं. मले ऐकू नाई येत."

ज्या माणसाला रस्त्यापलीकडच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण घरबसल्या ऐकू येते, त्याला माझा आवाज ऐकू येईना!

मी ओरडून सांगू लागले. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम त्यांनी मुकाट्यानं मी सांगितली तीच ठरवली. कॅबिनेटपाशी गाडं अडलं. त्यांना सगळ्यात लहान, लोखंडी कॅबिनेट पाहिजे होतं. आणि गेमची चित्रं पडद्यावर आणणारं ग्राफिक्स कार्ड मात्र सगळ्यात लांब.

"काका, हे कार्ड त्या डब्यात मावणार नाही."

"काहून नाई मावनार?"

"दोडक्याएवढं लांब आहे ते. डबा आखूड आहे."

"मंग कापू ना," काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "हॅक्सॉ हाये माह्याजोळ. जेवढं बाहेर येईन तेवढं कापून टाकू."

आत खाट करकरली.

काकांनी तिकडे कान दिला. मान थोडी वाकडी करून बसून राहिले. मी काही बोलणार तर त्यांनी बोट उचललं. आतून पुन्हा काही आलं नाही. "आज बस झालं," ते म्हणाले. "उद्या ये."

मला दुसऱ्या दिवशी जायचं नव्हतं, पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून गेले. त्या दिवशी कार्डाबद्दलचं माझं म्हणणं काकांनी एका वाक्यात मान्य केलं आणि पॉवर सप्लायवर भांडण काढलं. कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज वाटून देणारा तो डबा. तो निकृष्ट असला तर स्वतः जळतो आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. काकांना बिननावाचा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा पॉवर सप्लाय हवा होता.

"हाच घेऊ. पेटला तं पेटला."

आता माझा ताबा सुटला. "तुम्ही लाईनमन ना काका? लोकांच्या फ्रिजला टेस्टर लावत फिरता, आणि हे घरात आणता?"

"पेटला तं पेटला," काका आणखी मोठ्यानं म्हणाले.

तोच खिडकी आतून धाडकन लागली. धूळ माझ्या डोक्यावर पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी पोरीच्या उशाशी बसून आपण हा काय गोंधळ घालतोय! पण काकांचा चेहरा पाहते तर उजळलेला.

"लागली!" ते कुजबुजले. "पाह्यलं? सोताच्या हातानं लावली!"

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे अशी माझी खात्री झाली. काकूंना तसं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

पार्ट अकोल्याहून जीपनं आले. काका ते मांडीवर घेऊन बसले होते. ड्रायव्हरनं टपावर ठेवू का विचारलं तर त्यालाच खाली उतरवायला निघाले होते म्हणे. ओसरीत चटई अंथरली, मेन स्विच बंद केला. काकांनी मदरबोर्ड पुढे घेतला आणि मला म्हणाले, "तू बस तिथं. हात नको लावू. मी जोडतो."

प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढी चकती. खाली केसासारख्या बारीक सोनेरी पिना, शेकड्यांनी. बोर्डावर तेवढीच भोकं. एका कोपऱ्यात छोटा त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून चकती नुसती ठेवायची. आपसूक बसते. उलटी धरून दाबली तर पिना वाकतात, आणि वाकल्या की संपलं. दुकानदार परत घेत नाही. हे मी काकांना ओरडून ओरडून सांगितलं होतं.

काकांनी चकती उचलली. उलटी धरली.

"काका, फिरवा. त्रिकोण तिकडे."

"बरोबर हाये."

"नाही हो, उलटं आहे!"

त्यांनी ती भोकांवर टेकवली. ती बसली नाही, एका बाजूनं उचललेली राहिली. काकांनी अंगठा वर ठेवला. खिडकी बंद होती. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "बसत नाई हे. दाबाच लागते."

"काका, नका!"

"दाबून राह्यलो मी."

अंगठ्याचं नख पांढरं होऊ लागलं. मी हात पुढे केला तर त्यांनी कोपरानं मला अडवलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात, पिठाचे हात तसेच धरून उभ्या. 

"दाबून राह्यलो वं!" काका ओरडले. त्यांचा आवाज फाटला.

मागच्या खोलीचं दार उघडलं. करुणा धावत आली आणि तिनं बापाचं मनगट धरलं.

"बाबा! थांबा ना!"

कितीतरी दिवसांत न वापरलेला, खरबरीत आवाज. काकूंनी पिठाचा हात तोंडावर दाबला.

"अंगठा काढा. हळू. उचला वरतं." तिनं चकती त्यांच्या बोटांतून सोडवली, उजेडाकडे धरली, डोळे बारीक करून पिना पाहिल्या. आम्ही तिघं तिच्याकडे पाहत होतो. "वाचलं," ती म्हणाली. "हा त्रिकोन पाहा. अन् हा इथला. हे असं ठिवाचं. दाबाचंच नसते, बाबा."

चकती अलगद बसली.

"असं व्हय?" काका म्हणाले.

करुणा चटईवर बसली. केस विंचरलेले नव्हते, मनगटं काडीसारखी झालेली. पण हात चालू लागले. रॅम बसवली, कॅबिनेट पाहिलं, मग पॉवर सप्लायचा डबा उचलला आणि तळहातावर तोलला.

"हे कोनं आनलं? बॉम्ब हाये हा." तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी होत्या ना इथं? तुमी तरी सांगाचं!"

मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी म्हटलं, "चुकलं बाई माझं."

"हा लावाचा नाई. दुसरा पाह्यजे."

"मले त्याच्यातलं कयत नाई," काका म्हणाले. "अकोल्याले जा लागीन. मी गेलो तं पुन्हा असाच आनीन."

तिनं डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाली, "मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक हायवेवर जीपची वाट पाहत उभे असलेले मी क्लासच्या दारातून पाहिले. करुणानं ओढणी तोंडाला बांधली होती. जीप आली, गच्च भरलेली. ती मागे सरकली. काकांनी हात हलवून जीप जाऊ दिली. दुसरीही तशीच गेली. तिसरी आली तेव्हा ती स्वतःच चढली.

संध्याकाळी तिनं निवडून आणलेला जडशीळ पॉवर सप्लाय बसला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पुण्यात काय झालं ते तिनं अजून सांगितलेलं नाही. कधीकधी मागच्या खोलीचं दार दिवसभर बंद असतं. पण मधूनच आतून "मार, मार ना त्याले!" अशी आरोळी येते आणि काकूंची पोळी तव्यावर करपते.

परवा मी गेले, तेव्हा काका परसात वांगी तोडत होते.

"काका," मी विचारलं, "तो त्रिकोण तुम्हाला खरंच दिसला नव्हता?"

"दिसला होता."

"मग नुसतं दाबल्यासारखं करायचं. एवढा जोर कशाला?"

"खोटं दाबलं असतं तं तिले कयलं असतं. पोट्टी हुशार हाये माही."

"आणि ती आलीच नसती तर?"

काकांनी एक वांगं देठासकट सांभाळून तोडलं, टोपलीत ठेवलं.

"मोडला असता प्रोसेसर."

"मग?"

"मंग दुसरा आनला असता," ते म्हणाले. "अन् तोबी उलटाच धरला असता."

त्यांनी तोंड झाडांकडे वळवलं आणि बराच वेळ वांगी शोधत राहिले, जिथली आधीच तोडून झाली होती तिथं.

"तू जाय आत," पाठमोरेच म्हणाले. "तिच्याजोळ बैस जराशी. मी येतोच."